सुतकातली बाटली

सारिका पाण्यावर पीएचडी करते, हे वेंगुर्ल्यात तिच्या नात्यागोत्यातल्या कुणाला कधी धड समजलं नाही. तिची आई सत्यवती काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. बियांच्या तेलाने तिची बोटं कायमची काळी पडली होती, आणि त्या बोटांनीच तिने लेकीला एमेस्सीपर्यंत आणलं. एमेस्सीचा निकाल लागायच्या आधीच ती गेली. त्यानंतर सारिकाने संशोधनाला नाव घातलं तेव्हा आनंद व्हायला घरात कुणी नव्हतं, आणि नको म्हणायलाही नव्हतं.

पहिला विषय होता कांदळवन. तो दोन पावसाळ्यांत बुडाला. जिथं रोपं मोजायची तिथं कुणीतरी रातोरात भराव घातला. सरांनी दुसरा विषय दिला: समुद्र वर सरकतो तसं किनाऱ्यावरच्या विहिरींत खारं पाणी किती शिरतं. "तू तिथलीच आहेस," सर म्हणाले, "लोक तुला दारातून परत पाठवणार नाहीत." ते खरंच होतं. पुढं जे झालं ते त्या खरेपणामुळेच झालं.

तोंडवलीच्या पलीकडे मधलीवाडी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माड, घरं, विहिरी आणि माणसं अंग चोरून बसलेली. मोठ्या वादळानंतर समुद्राकडची माडांची रांग एक एक करून आडवी झाली. उघड्या पडलेल्या मुळ्या पालथ्या घातलेल्या झाडूंसारख्या दिसतात. सारिकाच्या आईचं माहेर याच वाडीतलं. ते घर आता नाही, पण आईच्या चुलतभावाची बायको सुगंधामामी आहे. मामा बोटीवर खलाशी होता, तो वारला. मामीचा मुलगा धनेश मयेकर पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो.

सारिका पहिल्यांदा खांद्याला पेटी अडकवून वाडीत आली तेव्हा मामीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला होता.

"सत्याचां चेडू! अगो, तसांच नाक. कित्याक इलंस? लग्नाचां आमंत्रण?"

"पाणी मोजूक, मामी."

शेजारच्या दगडी गडग्यावर बसून जाळं सांधणारे भाई तांडेल मोठ्याने हसले. "पाणी मोजूक पीएचडी? आनि जीभ कित्याक दिल्यान देवान? जिभेर घाल, थूक, आनि सांग सायबाक खारां का गोडां!"

"भाईनु, तुमची जीभ सरकारात चलाची नाय," सारिका म्हणाली. मामी इतकी हसली की पदर तोंडाला लावून आत गेली. बाहेर आली ती हातात पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा घेऊन. पाणी थंड होतं, गोड होतं. सारिकाने ते घटाघट पिऊन टाकलं.

वाडीतल्या निम्म्या विहिरी, वाडीच्या बोलीत बावी, सारिकाकडे होत्या आणि निम्म्या ओंकारकडे. ओंकार साताऱ्याचा, तिच्याच प्रयोगशाळेतला. समुद्राला तो दबकत पाहायचा. मोजायचं यंत्र मालवणच्या भाड्याच्या खोलीत असे. एक यंत्र वाळूने आणि खाऱ्या हवेने खराब झाल्यापासून सर ते किनाऱ्यावर नेऊ देत नव्हते. विहिरीतलं पाणी मोजायचं तर ते पहाटे, घरातली पहिली घागर पडायच्या आधी काढलेलं हवं. उपसा झाला की पाणी ढवळतं आणि आकडा खोटा येतो. सगळ्या विहिरींवर एका पहाटे दोघांनी पोचणं शक्य नव्हतं. म्हणून घरोघरी बाटल्या देऊन ठेवल्या. घरच्याच माणसाने दर आठवड्याला पहाटे बाटली भरून ठेवायची, मग ओंकारने मोटरसायकलवरून गोळा करायची. पहिल्या खेपेला, पाऊस नुकताच सरला होता तेव्हा, सारिकाने प्रत्येक विहिरीवर उभं राहून स्वतः बाटली भरून दाखवली होती. तेव्हा सगळ्याच विहिरी गोड होत्या. पावसानंतर असतातच.

मग थंडी आली, गेली, आणि आकडे चढू लागले. ओंकारच्या विहिरी एकामागून एक खाऱ्या होत गेल्या. सारिकाच्या इतर विहिरीही. फक्त मामीची विहीर जागची हलली नाही. समुद्रापासून सर्वांत जवळची विहीर, आणि पाणी पावसानंतर होतं तसंच.

ओंकारने एकदा विचारलं, "बाटली नीट भरतात ना तिथं?"

"माझी मामी आहे ती," सारिका म्हणाली. "तुझ्या घरांतल्यासारखी नाही. ती लोकं तुला बाटली देतात ती तू टळावास म्हणून."

बोलणं खोटंही नव्हतं. ओंकारला वाडीत कुणी अंगणापलीकडे घेत नसे. बाटली गडग्यावर ठेवलेली असे. तो ती उचलून निघे. सारिका मात्र स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत असे.

विहीर का हलत नाही, याचं उत्तर तिने शोधून काढलं. वाळूखाली कुठंतरी चिकणमातीचा थर असावा, आणि त्याच्या आडोशाने गोड्या पाण्याचं एक मोठं भिंग, म्हणजे मधे फुगीर असा साठा, तगून राहिलं असावं. समुद्र चारही बाजूंनी रेटतोय आणि मधोमध एका विधवेच्या घराखाली गोडं पाणी जीव धरून बसलंय. ही कल्पना डोक्यात आली त्या दिवशी सारिका खोलीत एकटीच रडली होती. कांदळवन गेलं, आई गेली, पण हे होतं. सरांनाही ते पटलं. तिचा लेख एका परिषदेत वाचायला निवडला गेला. प्रबंधाचा कणा आता तोच होता. मामीची विहीर काढून घेतली तर सारिकाकडे दुसरं काही उरत नव्हतं.

धनेशची बायको जानकी कुडाळच्या आतल्या एका गावातून आली होती. तिच्या माहेरी घरामागे ओहोळ होता, बारमाही. ती बोलायची कमी. तिला दिवस गेले तेव्हा मामीने वाडीभर नारळ वाटले. शिमग्याच्या थोडं आधी सारिका गेली होती तेव्हा जानकी चुलीजवळ बसून तांदूळ निवडत होती. तिने हळूच विचारलं.

"ताई, ह्या पाणी तुमी मोजतात ना? माका ता खारट लागता. घशात रवता."

सारिकाने हातातला पेला नुकताच रिकामा केला होता. मामीनेच आणून दिला होता, नेहमीसारखा, गुळासोबत.

"अगो, मी आत्ताच पिलंय ना! साखर आसा नुसती. आनि माझो आकडो पण ताच सांगता. सबंध वाडीत ह्या घरासारखां पाणी नाय." ती हसली. "ओहोळाचां पाणी पिवन तुझी जीभ लाडावली."

"ऐकलंस?" मामी सुनेला म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "माकाय मदी मदी तसां वाटी. म्हटलां, म्हातारपण. जीभ मेली असात. पण यंत्रच सांगता मगे काय?"

जानकीने मान खाली घातली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. त्यानंतर तिने पाण्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये सारिकाने परिषदेत लेख वाचला. टाळ्या झाल्या. एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी येऊन तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "इतक्या वाईट बातम्यांत ही एक चांगली." सारिका परत आली ती तरंगतच. तेव्हा जानकीचे पाय सुजले होते. सातव्यात ओटी भरून ती माहेरी जायची होती, पण एसटीचे हादरे नकोत म्हणून डॉक्टरांनी थांबवलं. रक्तदाब वाढला होता. मीठ बंद करा, डॉक्टर म्हणाले. मामीने मीठ बंद केलं. लोणचं वर माळ्यावर गेलं, सुकी मासळी शेजारी दिली. सुनेला नुसती उकड्या तांदळाची पेज. पेजेत मिठाचा कण नव्हता. जानकी म्हणे, "आये, पेज खारट लागता." मामी म्हणे, "अगो, घातलांच नाय तर खारट कशी लागतली? आजारपणाची चव ती. गिळ." हे सगळं मामीने सारिकाला फोनवर सांगितलं होतं, आणि दोघी थोड्या हसल्याही होत्या.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी ओंकारने आणलेल्या बाटल्या सारिका मोजत बसली असताना मामीच्या बाटलीवर यंत्राचा आकडा चढत गेला. चढतच गेला. तिने नळी धुतली, पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. वाडीतल्या कुठल्याही विहिरीहून ती बाटली खारी होती.

"भिंग फुटलं," ती ओंकारला म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा थरारही होता. समुद्र आत शिरला तो नेमका क्षण तिच्या हाती आला होता. असा क्षण कुणाला सापडत नाही. "एका आठवड्यात! बाटली कुणी दिली तुला?"

"कुणी नाही. गडग्यावर होती, माझ्या घरांतल्यासारखी. घर बंदच वाटलं."

मामी एरवी हातात देत असलेली बाटली आज गडग्यावर का होती, हे विचारायचं ओंकारला सुचलं नाही. सारिकालाही नाही. तिने पेटी भरली, आणि सरांना न विचारता यंत्रही बरोबर घेतलं.

अंगणात तुळशीपुढे रांगोळी नव्हती. सारवण उखडलेलं. भाई तांडेल गडग्यावर बसले होते, पण हातात जाळं नव्हतं. तिला पाहून ते उठले.

"आत जाव नको, बाय. सुतक आसा."

"कोणाचां?"

"जानकीचां बाळ. आठव्यातच झाला. फिट इली तिका, हॉस्पिटलात नेईसर... चेडू होता. एक रात काढल्यान."

सारिका तिथंच उभी राहिली. खांद्यावरची पेटी एकाएकी जड झाली, आणि ती खाली ठेवायची कुठं हे तिला समजेना. मामी पडवीत आली. तिचे केस मोकळे होते, तेल नव्हतं. ती उंबऱ्याच्या आतच थांबली, हात जोडल्यासारखे पुढे धरून, आणि तिने जे पहिलं वाक्य उच्चारलं ते आपण ऐकलंच नसतं तर, असं सारिकाला जन्मभर वाटत राहणार होतं.

"बाय, माका माफ कर गो. ह्या खेपेक तुका बावचांच पाणी भरून दिलंय."

"म्हणजे?"

"सुतक ना. देवाचां पाणी कसां आणतलंय? देवळाच्या बावर जाव नाय मी. काम तुझां, बाटली रिकामी कशी धाडतलंय? म्हणान आमच्या बावचांच भरलंय. तुझो साहेब रागावलो काय?"

सारिकाला सारं एकदम दिसलं. खाडीच्या बांधावरून पलीकडे घाटीच्या पायथ्याशी सातेरीचं देऊळ, त्याची जांभ्यात खोदलेली विहीर. मामी दर पहाटे आंघोळ करून तिथून तांब्याची एक कळशी डोक्यावर आणते. गुडघे दुखतात म्हणून एकच. ती देवाच्या पूजेला, आणि उरलेली पाव्हण्यारावळ्याला. मचूळ पाणी पाव्हण्याच्या हातात द्यायचं नसतं. आणि माहेरच्या लेकीची बाटली? तिच्यातून पाणी मोठ्या शहरात जाणार, मोठ्या लोकांसमोर ठेवलं जाणार. तीत घरातलं सर्वांत चांगलं पाणी भरायचं, यात मामीला विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. ओंकारला सगळ्यांनी विहिरीचं पाणी दिलं, कारण तो कुणाचा कोण नव्हता. आणि सारिकाने या घरात जो जो पेला तोंडाला लावला तो कळशीतला होता. सून मात्र घरचीच. तिला विहिरीचं.

मामी सारिकाच्या यंत्रावर विसंबली होती, आणि यंत्र मामीच्या कळशीवर. दोघींच्या मधे जानकी बसून मिठावाचूनची पेज गिळत होती, आणि ती पेज त्याच विहिरीच्या पाण्यात शिजत होती.

बाळ पाण्याने गेलं, असं कुणी डॉक्टर सांगणार नव्हता. पाण्याने गेलं नाही, असंही कुणी सांगणार नव्हता. उरलेल्या आयुष्यात आपल्याला या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहायचं आहे, हे सारिकाला तिथं उभ्या उभ्या कळलं.

धनेश घराच्या मागून आला. दाढी वाढलेली. सारिका म्हणाली, "धनेश, बावचां पाणी पिया नकात. कोणीच. जानकीक तर थेंब देव नको. खारां झाला."

"कधीपासून?" धनेशने विचारलं.

एका वाक्यात तिला सुटता आलं असतं. बाटल्यांत देवळाचं पाणी होतं, मी विहीर मोजलीच नाही. ते खरं होतं. त्या वाक्याने तिचा प्रबंध मेला असता पण ती स्वतः वाचली असती, आणि उंबऱ्यात हात पुढे धरून उभ्या असलेल्या बाईच्या हातात तिच्या नातीचं मरण पडलं असतं.

"शिमग्याआदीपासून असात," सारिका म्हणाली. "माझां यंत्र बिघडलेलां. माका कळाक नाय. चूक माझी."

धनेश एक पाऊल पुढे आला. मग तो बोलला ते शुद्ध मराठीत, तहसील कचेरीत बोलावं तसं.

"म्हणजे मॅडम, माझी बायको तुम्हाला सांगत होती तेव्हा पाणी खारं होतं. आणि तुम्ही तिला हसलात."

"होय."

"पेटी उचला आणि निघा."

आतून, अंधाऱ्या खोलीतून, जानकीचा आवाज आला. रडका नव्हता. कुणाला दोष देणाराही नव्हता. "मी सांगी होतंय," एवढंच ती म्हणाली.

मामी पुढे सरकली. "अरे, पण बाटलेत मी तर—"

"बाटलेचां काय नाय, मामी," सारिका घाईने म्हणाली. "बाटली बरोबर होती. यंत्रच."

सरांना तिने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, आणि लेख मागे घ्यायचा म्हणाली. एक विहीर वगळून टाक, असं त्यांनी सुचवून पाहिलं. ती वगळली तर लेखात काय उरतं, असं तिने विचारलं. लेख मागे घेण्याचं कारण तिने स्वतः लिहिलं: नमुने गोळा करण्यात संशोधकाकडून झालेली चूक. त्यात मामीचं नाव नव्हतं, वाडीचं नव्हतं, कळशीचं नव्हतं. "यंत्राची चूक नाही ना लिहिलीस?" सरांनी तेवढं विचारून घेतलं. यंत्र संस्थेचं होतं.

ओंकारने आपल्या विहिरींच्या कामात तिचं नाव घालायची तयारी दाखवली. तो भला मुलगा होता. ती नको म्हणाली. संध्याकाळी तो एकटाच बाटल्या धूत बसला. पाण्याचा आवाज ऐकवेना म्हणून ती जिन्यात जाऊन बसली.

वाडीत गोष्ट आपल्या पायांनी फिरली. सत्यवतीच्या चेडवाच्या यंत्रान मयेकरांचां बाळ खाल्ल्यान. वेंगुर्ल्यापर्यंत ती पोचली तेव्हा तिच्यात सारिकाने यंत्राची विषारी औषधं विहिरीत ओतली होती. सारिकाने कुणालाच काही खुलासा केला नाही. गोष्ट मामीपासून दूर जात होती, एवढं तिला पुरे होतं.

सुतक फिटल्यावर ती पुन्हा गेली. बाटली परत न्यायची होती, असं तिने स्वतःला सांगितलं. धनेश होडीवर होता. जानकीला तिचा भाऊ माहेरी घेऊन गेला होता, ओहोळाच्या पाण्यावर. परत कधी येणार ते कुणी विचारलं नव्हतं. मामी पडवीत एकटी होती. केसांना तेल लागलं होतं. देवापुढे कळशी भरलेली होती, फडक्याने झाकलेली.

मामीने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती आत गेली आणि पाण्याचे दोन पेले घेऊन बाहेर आली. गूळ नव्हता. दोन्ही पेले तिने सारिकासमोर जमिनीवर ठेवले.

"एक कळशेचां, एक बावचां. माझ्या जिभेक दोनय सारकीच. तू पी आनि सांग."

सारिकाने पहिला पेला ओठांना लावला. तेच पाणी होतं, पहिल्या दिवसाचं, थंड आणि गोड. मग दुसरा. मचूळ, जड, घशात राहणारं. घशात रवता, जानकी म्हणाली होती, अगदी तसंच. या घराचं पाणी सारिका आज पहिल्यांदा पीत होती.

"आता सांग," मामी म्हणाली. तिची नजर सारिकाच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "तुझ्या बाटलेत खंयचां जाय होतां?"

बाटली भरणारा हात मामीचा होता. कुठलं पाणी गेलं हे या जगात तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. सारिकाने मचूळ पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं.

"ह्या. बावचां."

"नक्की?"

"नक्की, मामी. यंत्र खोटां बोललां."

मामीने मान हलवली, सावकाश, पाढा बरोबर आलेल्या पोराकडे बघून मास्तर हलवतात तशी. गोड्या पाण्याचा पेला तिने उचलला आणि अंगणाच्या वाळूत ओतून टाकला. वाळूने ते लगेच पिऊन टाकलं. मग तिने दुसरा पेला उचलला, आणि सारिका हात पुढे करून "नको, मामी, नको" म्हणेपर्यंत तो तळापर्यंत पिऊन पालथा घातला.

"बरां आसा," ती म्हणाली. "आता तू जा, बाय. उशीर झालो तर एसटी चुकात."